क्वांटमनंतरची डिजिटल सही : वेग, आकार आणि भरवसा

डिजिटल सहीने दोन गोष्टी पटवून द्यायच्या असतात. मजकूर ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडूनच आला, ही पहिली. आणि वाटेत त्यात एका अक्षराचाही फेरफार झालेला नाही, ही दुसरी. सही करणाऱ्याजवळ खासगी किल्ली असते, पडताळणाऱ्याजवळ सार्वजनिक किल्ली. सार्वजनिक किल्ली हातात असूनही तिच्यावरून खासगी किल्ली काढणे कोणाच्याही आवाक्याबाहेर राहिले पाहिजे. आज सर्रास चालणाऱ्या आरएसए सहीची भिस्त मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याच्या अवघडपणावर आहे; ईसीडीएसए आणि एड-२५५१९ यांची भिस्त लंबवर्तुळी वक्रांवरच्या डिस्क्रीट लॉगरिदमवर. पुरेसा मोठा क्वांटम संगणक ही दोन्ही गणिते झटपट सोडवेल, हे पीटर शोर यांनी १९९४ साली दाखवून दिले. असा संगणक अजून कोणाकडे नाही. मात्र २०४८ बिटांची आरएसए किल्ली फोडायला दोन कोटी सदोष क्यूबिट आणि आठ तास लागतील, असा अंदाज क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरा यांनी २०१९ मध्ये मांडला होता. २०२५ च्या मे महिन्यात गिडनी यांनीच तो दहा लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी वेळ इथवर खाली आणला. यंत्राविषयीची गृहीतके जवळपास तीच होती, सुधारला तो हिशेब.

पर्यायांची शोधाशोध त्याआधीच सुरू झाली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१६ च्या डिसेंबरमध्ये प्रस्ताव मागवले. वर्षभरात ८२ आले, त्यांतले ६९ नियमांत बसले. गाळणीच्या अनेक फेऱ्यांनंतर १३ ऑगस्ट २०२४ रोजी तीन मानके प्रसिद्ध झाली आणि त्यांतली दोन सह्यांची आहेत. फिप्स या अमेरिकी सरकारी मानकमालिकेतल्या २०४ क्रमांकाच्या मानकातली एमएल-डीएसए ही मूळची डिलिथियम; तिचा पाया लॅटिसच्या, म्हणजे अनेक मितींतल्या बिंदूंच्या नियमित जाळीच्या, गणितावर आहे. फिप्स २०५ मधली एसएलएच-डीएसए ही मूळची स्फिंक्स प्लस. ती निव्वळ हॅश फलनांवर उभी आहे. २०२२ मध्येच निवडलेल्या फाल्कनसाठी फिप्स २०६ हा क्रमांक राखून ठेवण्यात आला. फाल्कनही लॅटिसवरच चालते, पण तिची घडण वेगळी.

यांतली कोणती चांगली, या प्रश्नावर दोन प्रकारची माणसे दोन टोकांना जातात. एक रोज सर्व्हर, प्रमाणपत्रे आणि उपकरणे चालवणारा अभियंता. दुसरा सह्या फोडता येतात का हे तपासणारा परीक्षक. दोघांच्याही म्हणण्याला वजन आहे, म्हणून त्यांचा वाद मुद्द्याच्या क्रमाने मांडणे उपयोगाचे ठरते.

अभियंता : सुरुवात आकारापासून करू, कारण आकार लपवता येत नाही. एड-२५५१९ची सही ६४ बाइटांची आणि सार्वजनिक किल्ली ३२ बाइटांची. एमएल-डीएसए-४४ हा त्या घराण्यातला सर्वांत लहान संच, तरी त्यात सही २,४२० आणि किल्ली १,३१२ बाइटांची होते. फाल्कन-५१२ची सही ६६६ आणि किल्ली ८९७. एसएलएच-डीएसएची किल्ली पूर्वीइतकीच, ३२ बाइट. पण सही लहानात लहान धरली तरी ७,८५६ आणि जलद प्रकार घेतला तर १७,०८८. ब्राउझरने एखादे संकेतस्थळ उघडले की एकच सही येते असे समजू नका. सर्व्हरची स्वतःची एक, त्याच्या प्रमाणपत्रावरची एक, मधल्या प्रमाणपत्रावरची एक आणि प्रमाणपत्राची सार्वजनिक नोंद झाल्याच्या पावत्यांवरच्या दोन. पाच सह्या झाल्या, शिवाय दोन किल्ल्या.

हा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. एमएल-डीएसए-४४ने पाच सह्यांचे १२,१०० आणि दोन किल्ल्यांचे २,६२४, असे १४,७२४ बाइट होतात. टीसीपीच्या प्रचलित रीतीप्रमाणे नवी जोडणी झाल्यावर सर्व्हर पलीकडून पोच येण्याआधी पहिल्या दमात दहा पॅकेट पाठवू शकतो. एका पॅकेटमध्ये १,४६० बाइट धरले, तर दहांत १४,६०० मावतात. म्हणजे नुसत्या सह्या आणि किल्ल्याच १२४ बाइटांनी मर्यादेबाहेर जातात, आणि प्रमाणपत्रातला बाकीचा मजकूर अजून मोजलेलाच नाही. मर्यादा ओलांडली की सर्व्हर थांबतो, पोच येते, मग उरलेले पॅकेट निघतात. मुंबईतला ब्राउझर आणि अमेरिकेतला सर्व्हर असेल, तर ही जादा फेरी दोनशे मिलिसेकंदांच्या घरात जाते. फाल्कन-५१२ने तोच हिशेब ५,१२४ बाइटांवर थांबतो आणि प्रश्नच उरत नाही. एसएलएच-डीएसएच्या लहान प्रकाराने तो ३९,३४४ वर जातो. दुसऱ्या फेरीत वीस पॅकेट पाठवता येतात, तेव्हा तो दोन फेऱ्यांत जेमतेम बसतो.

परीक्षक : दहा पॅकेटांची मर्यादा हा काही निसर्गनियम नाही. ती वाढवता येते, अनेकांनी वाढवलीही आहे. तेवढ्यासाठी सहीची निवड बदलायची?

अभियंता : आपल्या सर्व्हरची मर्यादा आपण वाढवू, वाटेतल्या मोबाइल जाळ्यातल्या रांगांचे काय करणार? शिवाय क्विक प्रोटोकॉलमध्ये ग्राहकाचा पत्ता खरा ठरेपर्यंत सर्व्हरने त्याच्याकडून आलेल्या बाइटांच्या तिपटीपेक्षा जास्त पाठवायचे नाही, असा नियमच आहे. तो सैल केला तर खोट्या पत्त्यावर रहदारीचा मारा करणाऱ्यांचे फावते. आणि डीएनएसच्या सह्या पाहा. तिथे एका यूडीपी उत्तरात १,२३२ बाइटांच्या आत राहावे असा शिरस्ता आहे. एमएल-डीएसएची एक सहीसुद्धा त्यात मावत नाही.

अभियंत्याचा हा मुद्दा बिनतोड आहे. मात्र त्यावरचा उपाय प्रत्येक वेळी लहान सही हाच असतो असे नाही. प्रमाणपत्रांवर सुटी सुटी सही करण्याऐवजी असंख्य प्रमाणपत्रांचे एक मर्कल झाड रचायचे, त्याच्या मुळावर एकदाच सही करायची आणि ब्राउझरला फक्त त्या प्रमाणपत्रापासून मुळापर्यंतची हॅशची वाट दाखवायची, असा प्रस्ताव इंटरनेटच्या मानक मंडळापुढे आहे. मुळाची माहिती ब्राउझरला आधीच मिळालेली असेल, तर जोडणीच्या वेळी प्रमाणपत्राकडून येणाऱ्या सह्या जवळपास नाहीशा होतात. उरते ती सर्व्हरची स्वतःची सही. नुसत्या आकारांची तुलना करताना ही शक्यता सहसा नजरेआड होते.

परीक्षक : आकार झाला. आता वेगाकडे या. तुमच्या मोजमापांच्या तक्त्यात सही करायला लागणारा वेळ एका आकड्यात लिहिलेला असतो. तो आकडा सरासरी की मध्यक?

प्रश्न साधा दिसतो, पण एमएल-डीएसएच्या बाबतीत तो कळीचा आहे. वादिम ल्युबाशेव्स्की यांनी २००९ मध्ये मांडलेल्या रीतीवर ही सही बेतलेली आहे. सही करणारा आधी एक यादृच्छिक आच्छादन निवडतो, त्यात गुपिताचा अंश मिसळून उत्तर तयार करतो आणि मग त्या उत्तरातला प्रत्येक सहगुणक ठरलेल्या मर्यादेत आहे का ते तपासतो. एकही मर्यादेबाहेर गेला, तरी सगळे टाकून नव्याने सुरुवात. मर्यादेबाहेरचे उत्तर बाहेर पडू दिले तर त्याच्या कलावरून गुपित हळूहळू उघडे पडते, म्हणून हा खटाटोप. एमएल-डीएसए-४४ मध्ये एका सहीसाठी सरासरी ४.२५ खेपा लागतात, ६५ मध्ये ५.१ आणि ८७ मध्ये ३.८५. सर्वांत भक्कम संचाला सर्वांत कमी खेपा लागतात, हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला चुकीचे छापले असावे असे वाटते. पण ते बरोबर आहे, कारण प्रत्येक संचाच्या मर्यादा वेगळ्या ठरवलेल्या आहेत.

सरासरी ४.२५ याचा अर्थ प्रत्येक खेप यशस्वी होण्याची शक्यता चोवीस टक्क्यांहून किंचित कमी. निम्म्याहून अधिक सह्या तिसऱ्या खेपेपर्यंत होऊन जातात, म्हणून मध्यक दिला तर पद्धत वेगवान भासते. पण शंभरातल्या एखाद्या सहीला अठराच्या आसपास खेपा लागतात, आणि साधारण दोनशेपैकी एक सही वीस खेपांच्याही पुढे जाते. सर्व्हरवर याने काही बिघडत नाही. ठरावीक मिलिसेकंदांत उत्तर द्यायलाच हवे अशा उपकरणात, गाडीच्या नियंत्रकात किंवा कार्डाच्या चिपमध्ये, ही शेपटीच निर्णायक ठरते. एमएल-डीएसएचे मोजमाप देताना मध्यक, सरासरी आणि नव्याण्णवावा शतमक हे तिन्ही आकडे दिले नाहीत, तर ते मोजमाप अपुरे समजावे.

अभियंता : शेपटीचा मुद्दा मान्य. तरीही एकूण खर्च पाहा. व्हेक्टर आदेश वापरणाऱ्या डेस्कटॉप प्रोसेसरवर डिलिथियमच्या कर्त्यांनी लहान संचासाठी सही करायला मध्यकाने सुमारे ३,३३,००० चक्रे आणि पडताळायला सुमारे १,१८,००० चक्रे मोजली. तीन गिगाहर्ट्झच्या यंत्रावर सही करणे हे मिलिसेकंदाच्या नवव्या भागाइतके झाले. जाळ्यावरची दोनशे मिलिसेकंदांची एक फेरी त्याच्या हजारपटीहून महाग पडते.

परीक्षक : मग गणिताचा वेग हा तुमच्या दृष्टीने गौणच झाला. तसे असेल तर एसएलएच-डीएसएला हळू म्हणून नाकारण्याचे कारण काय?

अभियंता : कारण तिथे फरक दुपटी-तिपटीचा नाही. लहान सहीच्या प्रकारात सात मजल्यांची झाडे आहेत आणि प्रत्येक सहीच्या वेळी दर मजल्यावर ५१२ पानांचे झाड नव्याने रचावे लागते. ३,५८४ पाने झाली. प्रत्येक पानामागे साडेपाचशेच्या आसपास हॅश. त्यात सर्वांत खालच्या थराचे लाखभर मिळवा, की एका सहीला वीस लाखांहून जास्त हॅश होतात. गर्दीच्या सर्व्हरने दर जोडणीला एवढे काम करायचे?

परीक्षक : सर्व्हरने करू नये. पण पडताळणीला किती लागतात? दोन हजारांच्या आसपास. सही एकदाच करायची आणि पडताळणी लाखो ठिकाणी व्हायची, असे काम कमी नाही. उपकरणाचे फर्मवेअर घ्या. कारखान्यात एक सही करायला सेकंदभर लागला तरी कोणाचे काही अडत नाही, आणि उपकरणाला फक्त हॅशचा कोड लागतो. तो त्यात बहुधा आधीपासूनच असतो.

इथवर वाद आकार आणि वेगाचा होता. तो सुरक्षेकडे वळला की आकड्यांचा भक्कमपणा कमी होतो आणि दोघांच्याही बोलण्यात अटी येऊ लागतात. निस्टने सुरक्षेचे पाच स्तर ठरवले आहेत : पहिला एईएस-१२८ची किल्ली शोधण्याइतका अवघड, दुसरा शा-२५६ मध्ये एकाच हॅशचे दोन मजकूर सापडण्याइतका, तिसरा एईएस-१९२इतका, असे वाढत जाऊन पाचवा एईएस-२५६इतका. फाल्कन-५१२ पहिल्या स्तरात आहे, एमएल-डीएसए-४४ दुसऱ्यात.

अभियंता : एका स्तरातल्या दोन सह्या सारख्याच सुरक्षित मानायला हरकत काय?

परीक्षक : स्तर ठरतो तो आज माहीत असलेल्या सर्वोत्तम हल्ल्यावरून. रेनबो ही सही २००५ पासून अभ्यासात होती आणि निस्टच्या शेवटच्या फेरीतल्या तीन सह्यांपैकी एक होती. २०२२ च्या फेब्रुवारीत वॉर्ड ब्यूलन्स यांनी तिच्या पहिल्या स्तराची किल्ली एका लॅपटॉपवर सरासरी ५३ तासांत काढून दाखवली. त्याच वर्षी जुलैत वाउटर कास्ट्रिक आणि तोमा दक्रू यांनी साइक ही किल्ली-वाटपाची पद्धत प्रोसेसरच्या एका कोअरवर तासाभरात फोडली. दोन्ही वेळा क्वांटम संगणक लागलाच नाही. कालपर्यंत दोन्हींच्या नावापुढे सुरक्षेचा स्तर लिहिलेला होता.

अभियंता : रेनबो बहुचल समीकरणांवर होती, साइक आयसोजेनीवर. लॅटिसवर १९८२ च्या एलएलएल अल्गोरिदमपासून काम चालू आहे आणि १९९६ मधल्या मिक्लोश आयताय यांच्या निकालापासून तिथल्या अवघडपणाला सैद्धांतिक आधारही आहे. एका घराण्याचे अपयश दुसऱ्याच्या खात्यावर मांडू नका.

परीक्षक : मांडत नाही. पण १० एप्रिल २०२४ आठवा. यीलेई चेन यांनी लॅटिसची काही गणिते क्वांटम संगणकावर झटपट सुटतात असा दावा करणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यातली परिमाणे एमएल-डीएसएला थेट लागू होणारी नव्हती, तरी जगभरचे तज्ज्ञ कामे बाजूला ठेवून तो वाचायला बसले. १८ एप्रिलला नववी पायरी चुकीची निघाली आणि चेन यांनी ती दुरुस्त होत नसल्याचे स्वतः जाहीर केले. मधल्या आठ दिवसांत हा दावा खोटा आहे असे छातीठोकपणे कोणाला सांगता आले?

या प्रसंगाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो. चूक आठ दिवसांत सापडली, हे त्या क्षेत्रावर किती डोळे आहेत याचे चांगले लक्षण. पण आठ दिवस उत्तर नव्हते, हेही खरेच. लॅटिसच्या सुरक्षेचा आकडा कसा निघतो हे पाहिले की ही अनिश्चितता नेमकी कुठे आहे ते कळते. डिलिथियमच्या लहान संचावरच्या हल्ल्याला ४२३ मितींच्या लॅटिसमधला सर्वांत आखूड सदिश शोधावा लागतो, असा अंदाज आहे. साध्या संगणकावरच्या सर्वोत्तम चाळणीचा घातांक मितीच्या ०.२९२ पट धरतात. त्यावरून १२३ बिट येतात. क्वांटम चाळणीसाठी ०.२६५ धरला की ११२ येतात. ०.२९२ हा घातांक २०१६ मधल्या एका संशोधनाचे फळ आहे. उद्या कोणी तो ०.२८ वर आणला, तर १२३ चे ११८ होतील. उलट बाजूने, या हिशेबात चाळणीला लागणारी प्रचंड स्मृती फुकट धरलेली असते, म्हणून प्रत्यक्ष हल्ला याहून महाग पडावा असे अनेकांचे मत आहे. बिटांचा आकडा हा असा सशर्त असतो आणि तो अटींसकटच वाचावा लागतो.

अभियंता : तुमची हॅशवरची सही तरी बिनशर्त आहे का? २०२२ मध्ये पर्लनर, केल्सी आणि कूपर यांनी शा-२५६ वापरणाऱ्या पाचव्या स्तराच्या स्फिंक्स प्लसची सुरक्षा सुमारे ४० बिटांनी खाली येते हे दाखवले होते.

परीक्षक : दाखवले, आणि मानक ठरण्याआधी वरच्या स्तरांत काही ठिकाणी शा-५१२ घालून ते दुरुस्त झाले. हल्ला शा-२५६च्या आतल्या साखळीरचनेतून आला होता, सहीची कल्पना शाबूत राहिली. आणि मजकुराचा हॅश तर प्रत्येक सही आधी काढते, तुमच्या लॅटिसच्याही. हॅश पूर्ण कोसळला तर सगळ्याच बुडतात. एसएलएच-डीएसए त्या एका गृहीतकावर थांबते. तुमच्या पद्धतींना त्याच्या वर आणखी एक लागते.

हा युक्तिवाद परीक्षकाच्या सगळ्या म्हणण्यात सर्वांत भक्कम आहे.

कागदावरची सुरक्षा आणि यंत्रातली सुरक्षा यांत मोठे अंतर असते, आणि या वादात सर्वांत कमी बोलले जाते ते त्याबद्दलच. फाल्कनच्या लहान सहीची किंमत इथे मोजावी लागते. तिच्या पूर्वजांची गोष्ट बोलकी आहे : एनटीआरयूसाइन या जुन्या लॅटिस सहीत उत्तरे गुपित किल्लीने ठरणाऱ्या एका समांतर पृष्ठभागांच्या आकारात विखुरत. २००६ मध्ये फोंग न्गुयेन आणि ओडेड रेगेव्ह यांनी त्या विखुरण्यावरून आकार ओळखून काढला. ज्यात उत्तरे झाकण्याची तजवीज केलेली नव्हती त्या एनटीआरयूसाइन-२५१ साठी सुमारे ४०० सह्या त्यांना पुरल्या. २००८ मध्ये जेन्ट्री, पायकर्ट आणि वैकुंठनाथन यांनी उत्तर शोधले ते असे की, सही नेमक्या गॉसियन विखुरणीतून निवडायची, म्हणजे किल्लीचा आकार तिच्यात उमटतच नाही. फाल्कन हेच करते, पण त्यासाठी तिला दुहेरी अचूकतेची फ्लोटिंग-पॉइंट आकडेमोड लागते. कॉर्टेक्स-एम४ या छोट्या उपकरणांतल्या लोकप्रिय प्रोसेसरमध्ये ती सोय नाही. त्याचे फ्लोटिंग-पॉइंट एकक एकेरी अचूकतेचे आहे. मग पूर्णांकांनी नक्कल करावी लागते, आणि वेग पार बसतो. शिवाय प्रोसेसरागणिक शेवटच्या अंकात फरक पडतो आणि गॉसियन निवडीला लागणारा वेळ गुपितावर अवलंबून न ठेवणे हे कसबी माणसाचे काम आहे.

अभियंता : त्यावर तोड आहे. फाल्कन पडताळणीला पूर्णांकच पुरतात आणि लॅपटॉपच्या प्रोसेसरवर सेकंदाला सुमारे २८,००० पडताळण्या तिच्या कर्त्यांनी मोजल्या आहेत. सही सुरक्षित खोलीतल्या यंत्रावर करायची, पडताळणी कुठेही.

परीक्षक : प्रमाणपत्रांसाठी ते चालेल. सर्व्हरने दर जोडणीला करायच्या सहीसाठी नाही, कारण ती ऑनलाइनच करावी लागते.

एमएल-डीएसए पूर्णांकांवर चालते, ही तिची मोठी जमेची बाजू. तरी तिच्यातही दोन वाटा आहेत. मानकातली मूळ रीत प्रत्येक सहीत ताजी यादृच्छिकता मिसळते. निव्वळ ठरावीक उत्तर देणारा प्रकारही मानकात आहे. जिथे हल्लेखोर चिपला व्होल्टेजचा झटका देऊन आकडेमोडीत मुद्दाम चूक घडवू शकतो, तिथे ठरावीक प्रकार घातक ठरतो, कारण एकाच मजकुरावरच्या बरोबर आणि चुकलेल्या सहीची तुलना करून गुपित काढता येते. विजेच्या वापरावरून गुपित ओळखले जाऊ नये म्हणून आकडेमोड तुकड्यांत वाटून झाकावी लागते, आणि तेव्हा चक्रांची संख्या कैक पटींनी वाढते. प्रसिद्ध होणारी बहुतेक मोजमापे असे संरक्षण नसलेल्या कोडची असतात. कार्डासाठी किंवा टोकनसाठी सही निवडताना त्या तक्त्यांवर विसंबणे चूक आहे.

फर्मवेअरसाठी एलएमएस आणि एक्सएमएसएस या हॅशवरच्या आणखी लहान सह्याही २०२० पासून निस्टने मान्य केल्या आहेत. त्यांत प्रत्येक सहीला एक क्रमांक खर्ची पडतो आणि तो पुन्हा वापरायचा नाही. यंत्र बॅकअपवरून जुन्या स्थितीला आणले, क्रमांकांची नोंद मागे गेली आणि एकाच क्रमांकाने दोन वेगळ्या मजकुरांवर सही झाली, तर खोटी सही करण्याची वाट मोकळी होते. म्हणूनच खासगी किल्ली बाहेर काढता येणार नाही अशा हार्डवेअरमध्येच ती ठेवावी, ही निस्टची अट. एसएलएच-डीएसएचा आकार मोठा होतो तो हीच नोंद ठेवण्याची गरज संपवण्यासाठी.

अभियंता : एवढे सगळे पाहिल्यावर घाई कशाला? आज साठवलेला गुप्त संदेश उद्या उलगडता येईल, म्हणून एन्क्रिप्शन बदलणे तातडीचे. सहीचे तसे नाही. आज केलेली पडताळणी दहा वर्षांनी येणाऱ्या संगणकाने खोटी ठरत नाही.

परीक्षक : ब्राउझरच्या जोडणीपुरते हे खरे. पण पंधरा-वीस वर्षे चालणारे वीजमीटर किंवा उपग्रह घ्या. त्यांत पडताळणीची किल्ली कारखान्यातच कोरलेली असते आणि नंतर बदलता येत नाही. ती किल्ली फुटली की हल्लेखोराचे फर्मवेअर अस्सल म्हणून चढेल. आणि कागदपत्रांचे काय? महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा उतारा मिळतो. करारांवर, निविदांवर यूएसबी टोकनमधल्या किल्लीने सह्या होतात. खासगी किल्ली काढता आली की मागच्या तारखेचा दस्त कोणालाही तयार करता येईल, आणि वाद कोर्टात जाईल तेव्हा खरा कोणता हे सहीवरून ठरणार नाही.

दस्तांसाठी उपाय आहे, पण तो वेळेवर करावा लागतो. जुनी सही विश्वासार्ह आहे तोवरच तो दस्त, त्यावरची सही आणि प्रमाणपत्रे एकत्र करून त्यांवर नव्या पद्धतीचा कालमुद्रा-शिक्का मारून घ्यायचा. मग ही सही अमुक तारखेआधी अस्तित्वात होती, एवढे नव्या पद्धतीच्या भरवशावर सांगता येते. भारतात मूळ कायद्याच्या शब्दांची अडचण नाही : माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ३ मध्ये असममित किल्ल्यांची प्रणाली आणि हॅश फलन एवढेच म्हटले आहे, आणि नव्या सह्या त्यात बसतात. अडचण आहे ती टोकनांतल्या चिपची, सह्या तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची आणि सरकारी संकेतस्थळांवर एक सही शे-दोनशे बाइटांचीच असणार हे गृहीत धरून आखलेल्या रकान्यांची.

मुदतीही ठरू लागल्या आहेत. आरएसए-२०४८च्या तोडीच्या सह्या २०३० नंतर टाळाव्यात आणि २०३५ नंतर वापरूच नयेत, असे निस्टने नोव्हेंबर २०२४ च्या मसुद्यात सुचवले. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये आपल्या यंत्रणांसाठी केलेल्या निवडीत अभियंता आणि परीक्षक या दोघांचेही म्हणणे उतरले आहे : सर्वसाधारण कामाला एमएल-डीएसए, तीही सर्वांत वरच्या ८७ या संचाची, आणि फर्मवेअरला एलएमएस किंवा एक्सएमएसएस.

लॅटिसखेरीज दुसरा आधार हवा, म्हणून निस्टने सह्यांची वेगळी स्पर्धाही सुरू केली. २०२३ मध्ये पहिल्या फेरीत ४० प्रस्ताव होते, ऑक्टोबर २०२४ मध्ये १४ पुढे गेले. त्यांत एसक्यूआयसाइनची सही सर्वांत लहान स्तरावर १४८ बाइटांची आणि किल्ली ६५ बाइटांची आहे, म्हणजे आजच्या सह्यांच्या जवळ जाणारी. मात्र ती आयसोजेनीवर उभी आहे आणि सही करण्याचे गणित जड आहे. साइकवरचा हल्ला तिला लागू होत नाही. यूओव्ही ही १९९९ पासूनची बहुचल पद्धत. तिची सही शंभर-सव्वाशे बाइटांची, पण किल्ली चाळीस हजार बाइटांच्या पुढे. किल्ली आधीच पलीकडे पोचलेली असेल अशा ठिकाणी ती कामाची.

अभियंता : तोवर दोन्ही सह्या एकत्र लावू. जुनी फुटली तर नवी आहे, नवीत खोट निघाली तर जुनी आहे. एमएल-डीएसएच्या २,४२० बाइटांवर एड-२५५१९चे ६४, ही भर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

परीक्षक : भर नगण्य आहे, मान्य. पण पडताळणारा काय तपासतो ते आधी पक्के करा. दोन्हींपैकी एक बरोबर आली की चालेल असा नियम असेल, तर हल्लेखोर दोन्हींतली कमकुवत निवडेल आणि दुहेरी सही एकेरीहून वाईट ठरेल. दोन्ही बरोबर आल्या तरच स्वीकारायचे. जुने सॉफ्टवेअर नवी सही ओळखत नसेल तर ती वगळून पुढे जाण्याची मुभाही नको. आणि दोन सह्या एकमेकींपासून सुट्या करून वेगळ्या दस्ताला चिकटवता येऊ नयेत, म्हणून या जोडीचे नाव सही होणाऱ्या मजकुरातच घातले पाहिजे.